समुद्रसपाटीच्या हिशोबाने

सिंगापूरमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे बुकिट तिमा. उंची १६४ मीटर. आमच्या साताऱ्याकडे एवढ्याशा उंचवट्यावर म्हशी चरतात आणि त्याला कोणी डोंगर म्हणत नाही. इथे मात्र त्याला राखीव जंगल आहे, दिशादर्शक फलक आहेत, माथ्यावर उंची लिहिलेला दगड आहे आणि त्या दगडाला टेकून फोटो काढायला रविवारी सकाळी गर्दी होते. शहराच्या मध्यभागी स्विसोटेल द स्टॅमफर्ड नावाचं ७३ मजली हॉटेल आहे, ते २२६ मीटर उंच. म्हणजे या देशात डोंगर चढून गेलेल्या माणसापेक्षा लिफ्टने जेवायला गेलेला माणूस जास्त उंचावर पोचतो.

अशा सपाट देशात उंचीचं वेड लागलेला नवरा माझ्या वाट्याला आला आहे.

तसा तो हौशी धावपटू. चाळिशी ओलांडली की परदेशातल्या मराठी पुरुषाला काहीतरी होतं. कोणी भलीमोठी लेन्स घेऊन पक्ष्यांच्या मागे लागतो, कोणी ढोलपथकात शिरतो, कोणी पोळी सोडतो आणि मग दिवसभर सोडलेल्या पोळीबद्दलच बोलतो. आमच्याकडे बूट आले. त्यांच्या तळव्यात कार्बनची पट्टी आहे म्हणे. किंमत मला डॉलरमध्ये सांगण्यात आली, आणि सासूबाईंना ती रुपयांत सांगायची नाही अशी तंबीही सोबत मिळाली.

हा पहाटे पाचला निघतो. सिंगापूरचं घड्याळ सूर्याच्या मानाने पुढे लावलेलं आहे, इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहाटे पाच म्हणजे निव्वळ रात्र. आमच्या सेरंगूनहून कोवन, होगांग करत नदीच्या काठाने लोरोंग हालुसच्या तांबड्या पुलाकडे जायचं आणि परत यायचं. त्या वेळी हवेतली आर्द्रता बहुतेक नव्वदीच्या आसपास असते. माणूस धावतो आहे की पोहतो आहे हे फक्त कपड्यांवरून कळतं. परत येईपर्यंत तो असा निथळत असतो की लिफ्टमधून चौदाव्या मजल्यावर पोचताना मागे छोटं तळं ठेवून येतो. ऐंशीच्या दशकात इथल्या काही सरकारी इमारतींच्या लिफ्टमध्ये लघवी ओळखणारं यंत्र बसवलं होतं. कोणी आत कार्यभाग उरकला की दरवाजे बंद व्हायचे आणि गुन्हेगार आत अडकायचा. आमच्या लिफ्टमध्ये ते यंत्र नाही, ही माझ्या सासरच्या घराण्याची पुण्याई.

इथवर ठीक चाललं होतं. मग ऑफिसने त्याला अदिस अबाबाला पाठवायचं ठरवलं. तो विमानाने जाणाऱ्या मालाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, कोणती पेटी कोणत्या विमानाच्या पोटात कुठे ठेवायची हे त्याचं सॉफ्टवेअर सांगतं. त्यामुळे दौरे नेहमी विमानतळांच्या गावी. इतर माणसं दौऱ्याचं गाव कळल्यावर हॉटेल बघतात, थंडी आहे का बघतात, शाकाहारी मिळतं का बघतात. याने उंची बघितली. २,३५५ मीटर. मुलीच्या जन्मानंतर इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

त्या रात्री वरणभातावर व्याख्यान झालं. उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं हा आमचा गैरसमज आधी दूर करण्यात आला. प्रमाण सगळीकडे सारखंच, सुमारे २१ टक्के, सेरंगूनलाही आणि एव्हरेस्टवरही. कमी होतो तो हवेचा दाब. अदिस अबाबाला तो समुद्रकाठच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला ऑक्सिजन कमी पडतो. ही टंचाई मूत्रपिंडाच्या लक्षात येते. (हे खातं मूत्रपिंडाकडे का, असं मी विचारलं. मध्येच बोलायचं नाही, असं उत्तर आलं.) मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते हाडांतल्या मज्जेला कामाला लावतं, मज्जा तांबड्या पेशी वाढवते, आणि खाली परतलेला माणूस त्या वाढीव पेशींच्या जोरावर वाऱ्यासारखा पळतो. हेच संप्रेरक सुईने टोचून घेतलं तर खेळाडूवर बंदी येते. कंपनीच्या तिकिटावर जाऊन मिळवलं तर त्याला सराव म्हणतात.

मग इतिहास. १९६८चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीला झालं, २,२४० मीटरवर. तिथे १०,००० मीटरच्या शर्यतीत केनियाचा नफ्ताली टेमू पहिला आला, इथिओपियाचा मामो वोल्डे दुसरा, आणि विश्वविक्रम ज्याच्या नावावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा येऊन जमिनीवर कोसळला. त्याला ऑक्सिजन लावावा लागला. उंचावर वाढलेल्यांनी सपाटीवरच्यांना धडा शिकवला. तेव्हापासून जगातले धावपटू डोंगराकडे निघाले ते अजून निघालेलेच आहेत, आणि त्या रांगेच्या अगदी शेवटी, हातात लॅपटॉपची बॅग घेऊन, आमचं हे पात्र.

फोनवर सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. "मग इकडं ये की. रोज यवतेश्वरचा घाट चढ, काय पैसं पडत न्हाईत." सूचना चुकीची नव्हती. २०१२पासून त्याच घाटात सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते आणि देशभरातले लोक पैसे भरून तिथे दमायला येतात. पण याचं म्हणणं, सातारा चालत नाही, निदान दोन हजार मीटर तरी हवेत. मुलीने लगेच शोधलं, महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे सह्याद्रीसकट अख्खा महाराष्ट्र नापास. "म्हणूनच ललिता बाबरलासुद्धा उटीला जावं लागलं," हा म्हणाला. ललिता साताऱ्याचीच, माण तालुक्यातल्या मोहीची, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली. सासूबाईंना ती पाठ आहे. "ती आधी माणच्या उन्हात पळली. उटी मागनं," त्या म्हणाल्या आणि दुधवाला आला म्हणून फोन ठेवला. या वाक्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.

तयारीला जोर चढला. तांबड्या पेशींना लोह लागतं, म्हणून सेरंगून रोडवरच्या लिटल इंडियातून हळीव आणले गेले. मी लाडू केले. बाळंतिणीसाठी असलेला हा खुराक एक मिशा असलेला माणूस रोज सकाळी गंभीर चेहऱ्याने खातो आहे, हे दृश्य मी आईला व्हिडिओवर दाखवलं. ती बराच वेळ काही बोलू शकली नाही.

त्यानंतर तंबूचा विषय निघाला. १९९७मध्ये बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की राहावं उंचावर आणि धावावं खाली, फायदा त्यात जास्त. त्यांचे धावपटू २,५०० मीटरवर झोपायचे आणि १,२५० मीटरवर उतरून जोरात पळायचे. ज्यांच्या घराजवळ डोंगर नाही त्यांच्यासाठी ऑक्सिजन कमी केलेला तंबू मिळतो, तो पलंगावर लावायचा आणि त्यात झोपायचं. सोबत रात्रभर घरघरणारं यंत्र. मी म्हटलं, त्या तंबूत तू आणि तुझ्या तांबड्या पेशी हॉलमध्ये झोपा. मुलीने मात्र त्याचे पैसे वाचवले. ती म्हणाली, "बाबा, आपण तेच तर करतोय. राहतो चौदाव्या मजल्यावर आणि तू धावतोस तळमजल्यावर."

त्या अभ्यासातले धावपटू उंचावर चार आठवडे राहिले होते. हा आकडा व्याख्यानात फार भरभर बोलला गेला. याचा दौरा जेमतेम आठवड्याचा होता.

अदिसहून रोज फोन यायचा. पहिल्या रात्री डोकं दुखलं, हॉटेलचा एक जिना चढताना धाप लागली, झोपेत नाडी भरभर चालली. एरवी सर्दी झाली तरी मृत्युपत्राची भाषा करणारा हा माणूस या सगळ्या तक्रारी अत्यंत समाधानाने सांगत होता. शरीर प्रतिसाद देतंय म्हणे. पाणी तिथे ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून चहा मनासारखा होत नाही, याचंही त्याला कौतुक. एंटोटोच्या डोंगरावर, निलगिरीच्या झाडीतून, तीन हजार मीटरच्या वर धावायला जायचं ठरलं. हॉटेलच्या दारवानाने गाडी सांगितली, बारा वाजता येईल म्हणाला. हा दुपारी बाराला बूट बांधून खाली उभा. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सहा म्हणजे त्यांचे बारा. गाडी पहाटेच येऊन गेली होती. तरी हा दुसरी गाडी करून भर दुपारी एंटोटोला गेलाच, आणि मग आपल्या अर्थानेही बारा वाजले. चढावर एक ओझं लादलेलं गाढव त्याच्या पुढे निघून गेलं. "पण ते तिथलंच होतं," तो म्हणाला. "जन्मापासून उंचावर राहिलेलं."

अबेबे बिकिला त्याच देशातला. १९६०मध्ये रोमला अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकला. हे मी त्याला सांगितलं ते कार्बनच्या पट्टीची आठवण म्हणून, टोमणा म्हणून नव्हे.

याच फोनांवर तो हिशोब सुरू झाला. "आज किलोमीटरला साडेआठ मिनिटं लागली," तो म्हणायचा आणि मी काही बोलायच्या आत पुढे जोडायचा, "समुद्रसपाटीच्या हिशोबाने साडेसात." असे तक्ते खरोखर मिळतात, अमुक उंचीवरचा अमुक वेग म्हणजे खाली किती, हे त्यात दिलेलं असतं. मोठे प्रशिक्षक ते वापरतात. पण हौशी माणसाच्या हाती तक्ता पडला की त्याला आयुष्यात प्रथमच हळू धावण्याचं शास्त्रीय कारण सापडतं. सिंगापुरात हळू धावलं तर हळूच धावलं. अदिसला हळू धावलं की ते मनातल्या मनात जोरात धावलेलं असतं. तिथलं वर्षही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं, महिने तेरा असतात. हे कळल्यावर वयोगट तिथल्या सालाने धरता येईल का, असा प्रश्न त्याने मला विचारला, आणि तो फक्त निम्मा थट्टेत होता.

अविनाश साबळेचं नावही त्याने याच आठवड्यात घेतलं. "साबळेसुद्धा कामानिमित्तच उंचावर गेला होता." हे मात्र मला झोंबलं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, आणि त्याची नेमणूक सियाचेनला झाली. तिथून राजस्थानच्या वाळवंटात. धावण्याच्या शर्यतींकडे तो वळला तो त्यानंतर. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. १९९४नंतर त्या शर्यतीत केनियाबाहेरच्या माणसाला मिळालेलं ते पहिलं पदक. पुढे सरावासाठी तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, उटीलाही गेला, ते सगळं शास्त्रोक्त. पण त्याच्या आयुष्यातला उंचीवरचा पहिला दौरा बर्फात बंदूक घेऊन उभं राहण्याचा होता, आणि त्या दौऱ्यात सकाळी साडेसात ते दहा नाश्त्याचा बुफे नव्हता. एवढं मी बोलले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती उंचीमुळे असेल.

परत आला तो थेट रक्त तपासायला गेला. हिमोग्लोबिन वाढलं होतं! अहवालाची प्रत मला, मुलीला, सासूबाईंना आणि धावण्याच्या गटातल्या तमाम मंडळींना पाठवण्यात आली. मग मीच थोडं वाचलं. उंचावर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पाणी कमी होतं. पेशी असतात तेवढ्याच, रक्त घट्ट होतं, म्हणून आकडा चढलेला दिसतो. दूध आटवलं म्हणजे म्हैस जास्त दूध द्यायला लागली असं होत नाही. खरोखरीच्या नव्या पेशी डोळ्यांत भरण्याइतक्या व्हायला तीन-चार आठवडे लागतात. संप्रेरक पहिल्या एक-दोन दिवसांतच वाढतं, हे खरं. म्हणजे याच्या मज्जेला नुकता कुठे आदेश मिळाला होता आणि ती कामाला लागणार तेवढ्यात साहेब चांगी विमानतळावर उतरले. चार-आठ दिवसांनी पुन्हा तपासणी केली तर आकडा मूळपदावर. ही प्रत गटावर गेली नाही.

मग शर्यत आली, अर्ध्या मॅरेथॉनची. इथल्या मोठ्या शर्यती उकाड्याला भिऊन उजाडायच्या आत सुटतात. तरीही पहिल्या पाच किलोमीटरांत अंगरखा पिळून काढावा लागतो. हा तिथे उंचावरून आलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने सुरुवातीला सुसाट पळाला आणि नंतर उरलेलं अंतर त्याची किंमत मोजत चालला. गेल्या वर्षीपेक्षा वेळ जास्त लागला. आमच्या ब्लॉकमधले एक निवृत्त अंकल, पूर्वी टॅक्सी चालवायचे, सत्तरीला टेकलेले, शेवटच्या टप्प्यात याच्या बाजूने पुढे निघून गेले आणि जाताना "जिया यू", म्हणजे जोर लाव, म्हणून गेले. या अंकलांचा सगळा सराव सेरंगून स्टेडियमच्या ४०० मीटरच्या धावपट्टीवर. विजेचा भोंगा वाजला की छपराखाली थांबायचं, थांबला की पुन्हा सुरू. सिंगापुरात विजा फार, भोंगाही बराच वाजतो. उंची म्हणाल तर त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

गंमत अशी की अंकलांच्या बाजूने शास्त्रही आहे. दमट उकाड्यात सातत्याने धावणाऱ्याचं शरीर आठवडा-दोन आठवड्यांत बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्याच वेगाला नाडी हळू चालते. उंचावर पहिल्या दिवसांत रक्त आटतं, उकाड्यात ते भरतं. आणि गार हवेत जाऊन राहिलं की ही कमाई ओसरू लागते. म्हणजे अदिसच्या गोड गारव्यात तांबड्या पेशी यायच्या आधी आमच्या माणसाने सेरंगूनचा घाम गमावला. ज्या उकाड्याला तो वर्षभर शिव्या देतो तोच त्याचा डोंगर होता. दारात होता, विमानाचं तिकीट लागत नव्हतं आणि इमारतीच्या मासिक देखभाल खर्चात जमा होता. सासूबाई माणच्या उन्हाबद्दल बोलल्या होत्या ते हेच. त्यांनी लेव्हिन वाचलेले नाहीत.

हे सगळं मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, की आठवडा कमीच होता, महिनाभर राहायला हवं. लेहला ३,५०० मीटर मिळतात आणि मॅरेथॉनही होते, ऑफिसची लेहला शाखा काढता येणार नाही का? मी सांगते, हौशी धावपटूला पेशी नको असतात. त्याला हवी असते सबब, आणि ती शक्यतो परदेशातली, आकड्यांत मांडता येणारी आणि बायकोला तपासता न येणारी. अदिसने ती भरपूर पुरवली. आता घरात काहीही झालं तरी हिशोब समुद्रसपाटीला आणला जातो. भाजी आणायला पाऊण तास का लागला? लिफ्ट बंद होती, चौदा मजले चढून आलो, समुद्रसपाटीच्या हिशोबाने वीस मिनिटं धर.

परवा ऑफिसने पुढचा दौरा कळवला. आम्स्टरडॅम. तिथला शिफोल विमानतळ समुद्रसपाटीच्या तीन मीटरांहून जास्त खाली आहे. मुलीच्या मते तिथे हिशोब उलटा लागतो, जो वेग येईल त्यातून थोडा वजा करायचा. नवऱ्याने ऑफिसला ईमेल करून विचारलं आहे, ही बैठक ऑनलाइन होऊ शकेल का.